अंदमानात शांत बीच कसा निवडायचा, नागपूरकरांसाठी स्टेप बाय स्टेप

नागपूरहून अंदमानला जाणारे बहुतेक लोक ५-६ रात्रींचं पॅकेज घेतात आणि त्या पॅकेजमधले बीच ठरलेलेच राहतात, राधानगर, एलिफंट, काळापत्थर, भरतपूर, लक्ष्मणपूर. हे बीच वाईट नाहीत, एकापेक्षा एक सुंदर आहेत, पण सगळ्या गाड्या एकाच वेळी तिथे पोचतात आणि मग रविवारी संध्याकाळी फुटाळ्यावर जशी गर्दी असते तशीच तिथेही होते. इतका खर्च करून, दोन विमानं बदलून, वरून बोटीत बसून तुम्ही जाता आणि समोर माणसांच्या पाठी बघत बसता, हे मला खरंच मनाला लागतं. म्हणून हे सगळं नीट लिहून काढतोय, खास करून त्यांच्यासाठी जे पहिल्यांदा बेटावर जाऊन राहिले आणि ज्यांना समुद्राची फारशी सवय नाही.

आपण तलावांच्या गावचे लोक. अंबाझरी असो की गांधीसागर, काठ जिथे सकाळी दिसला तिथेच संध्याकाळी दिसतो. समुद्राचं तसं नाही, तिथे बीचच दिवसातून दोनदा लहानमोठा होतो, त्यामुळे "कोणता बीच शांत आहे" हा प्रश्न अर्धाच आहे, पूर्ण प्रश्न असा की कोणता बीच, कोणत्या महिन्यात, किती वाजता आणि पाणी कुठे असताना. आणि त्याच्याही आधीचा एक प्रश्न, जो मी सगळ्यांना विचारायला सांगतो: हा बीच रिकामा का आहे? लांब आहे म्हणून रिकामा असेल तर फार छान. लोकांची जायची वेळ वेगळी आहे म्हणून असेल तर त्याहून छान. पण तिथे मगर येते म्हणून, पाण्याला आत खेचणारी ओढ आहे म्हणून किंवा जायला बंदी आहे म्हणून रिकामा असेल तर ती शांतता आपल्या कामाची नाही. खाली जे काही सांगतोय ते सगळं या एका प्रश्नाभोवतीच फिरतं.

स्टेप १: महिना आणि वारा

दिवाळीच्या सुट्ट्या आणि २० डिसेंबर ते ५ जानेवारी हे दिवस जमलं तर सोडून द्या, तेव्हा हॉटेल महाग आणि बीच भरलेले. जानेवारीचा शेवट ते मार्च हा काळ मला सगळ्यात आवडतो, पाऊस जवळपास नाही, समुद्र हळूहळू शांत होत जातो आणि शाळा चालू असल्यामुळे फॅमिली गर्दी कमी. पोरांच्या परीक्षा संपल्यावरच निघता येत असेल तर एप्रिल पण चालतो, उकाडा राहतो पण आपल्या एप्रिलपुढे तो काहीच नाही, आणि पाणी एकदम स्वच्छ. मे मात्र पहिल्या पंधरवड्याच्या पुढे नेऊ नका कारण मान्सून देशात सगळ्यात आधी तिथेच पोचतो, साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यात, आणि एकदा समुद्र खवळला की फेऱ्या, म्हणजे बेटाबेटांमध्ये चालणाऱ्या प्रवासी बोटी, रद्द होतात.

आता वाऱ्याचं. हे पॅकेजवाले सांगत नाहीत पण शांत पाणी हवं असेल तर सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे. मे ते सप्टेंबर वारा नैऋत्येकडून येतो, तेव्हा बेटाच्या पश्चिमेच्या किनाऱ्यांवर लाटा आपटतात आणि पूर्वेची बाजू आडोशाला राहते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी वारा ईशान्येकडून, मग उलटं, पूर्वेला पाणी हलतं आणि पश्चिम शांत. म्हणजे हिवाळ्यात जाणाऱ्याने पोहायसाठी पश्चिमेचा बीच बघायचा आणि पूर्वेचा बीच सूर्योदय बघायला, पायी फिरायला ठेवायचा. बुकिंग करायच्या आधी मॅप उघडून हॉटेलचा किनारा कोणत्या दिशेला तोंड करून आहे एवढं बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

स्टेप २: बेट निवडा

नागपूरहून थेट विमान नाही, कोलकाता, चेन्नई, हैदराबाद किंवा बंगळुरूमार्गे जावं लागतं. उतरायचं पोर्ट ब्लेअरला, २०२४ पासून शहराचं नाव श्री विजयपुरम झालं आहे पण लोक अजून पोर्ट ब्लेअरच म्हणतात. तिथून पुढे बोटीने जायची दोन बेटं म्हणजे हॅवलॉक आणि नील. हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप आणि नील म्हणजे शहीद द्वीप, ही नावं २०१८ च्या डिसेंबरात बदलली, फेरीच्या तिकिटावर नवीन नाव दिसलं तर गोंधळू नका.

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी सरळ सांगतो, नीलला जास्त रात्री द्या. पॅकेजमध्ये नील म्हणजे अर्धा दिवस किंवा फार तर एक रात्र राहते, लोक सकाळच्या फेरीने येतात, नॅचरल ब्रिज (खडकाची नैसर्गिक कमान) आणि भरतपूर करतात, दुपारच्या फेरीने निघून जातात. ती शेवटची फेरी गेली की बेट एकदम सैल होतं. छोटंसं बेट आहे, सायकलवर किंवा भाड्याच्या स्कूटीवर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला सहज जाता येतं, मध्ये भाताची शेतं, भाजीचे मळे, सुपारीची झाडं. पूर्व बंगालमधून आलेली निर्वासित कुटुंबं इथे वसवली गेली आणि गावांची नावं रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर अशी. रामटेकच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला तर हा पत्ता पाठ करायची गरजच नाही.

हॅवलॉक मोठं आहे, सोयी जास्त आहेत, डायव्हिंग करायचं असेल तर त्याचीही सोय तिथे चांगली आहे. गर्दी जास्त खरी, पण वेळ साधली तर तिथेही शांतता मिळते, ते पुढे सांगतो.

ज्यांच्याकडे ८-१० दिवस आहेत आणि हॉटेलात एसी नसला तरी चालतं त्यांच्यासाठी लाँग आयलंड आहे, तिथला लालाजी बे डोंगीने, म्हणजे छोट्या होडीने, किंवा जंगलातून चालत गाठायचा. उत्तरेला दिगलीपूर आहे, रस्त्याने पूर्ण दिवस जातो, तिथे एरियल बे जेट्टीवरून बोटीने रॉस आणि स्मिथ अशा दोन बेटांना जोडणारा वाळूचा पट्टा बघायला मिळतो, ओहोटीला तो उघडा पडतो आणि दोन्ही बाजूला समुद्र. दक्षिणेला लिटल अंदमान, तिथला बटलर बे लाटांसाठी ओळखला जातो, सर्फिंगवाले जातात. ही ठिकाणं मनापासून सुंदर आहेत, पण पहिल्याच ट्रिपला आणि सोबत लहान पोरं किंवा म्हातारे आईबाबा असताना नका करू, बोट एक दिवस सुटली नाही तर पुढचं सगळं कोसळतं आणि दवाखाना लांब.

स्टेप ३: घड्याळ बदला

हे नीट समजून घ्या कारण अर्धी शांतता इथेच मिळते. नागपूर साधारण ७९ रेखांशावर आहे आणि हॅवलॉक ९३ च्या आसपास, मध्ये १४ अंशांचा फरक, एका अंशाला ४ मिनिटं धरली तर ५६ मिनिटं झाली. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. म्हणजे तिथे सूर्य आपल्यापेक्षा जवळपास तासभर आधी येतो आणि आधी जातो, मार्चमध्ये सव्वापाचला उजाडतं आणि साडेपाचपर्यंत सूर्य मावळतो, डिसेंबरात तर ५ लाच. नागपूरचा माणूस सवयीने ८ ला उठून, पोहे-चहा करून १० ला बीचवर निघतो, तेव्हा तिथला अर्धा दिवस संपलेला राहतो आणि डोक्यावर ऊन.

टूर ग्रुपचं घड्याळ असं चालतं: सकाळी फेरी किंवा एलिफंट बीचची बोट, दुपारी जेवण, ३ नंतर राधानगरचा सनसेट. मग तुम्ही उलटं करा. हॅवलॉकचं राधानगर पहाटे करा. उजाडल्याबरोबर तिथे पोचलात तर जवळपास दोन किलोमीटरच्या वाळूवर बोटावर मोजण्याइतकी माणसं दिसतील, मागे उंच झाडांचं जंगल असल्यामुळे आणि बीच पश्चिमेला असल्यामुळे सकाळी बराच वेळ सावली राहते, उन्हाचा त्रास नाही. जेट्टीपासून १२ किलोमीटर आहे, आदल्या रात्रीच स्कूटी घेऊन ठेवा किंवा ऑटोवाल्याला सांगून ठेवा, पहाटे रस्त्यावर काही मिळत नाही. या बीचला २०२० मध्ये ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ आणि सुरक्षित बीचला मिळणारं आंतरराष्ट्रीय मानांकन, मिळाला आहे, चेंजिंग रूम, टॉयलेट वगैरे सोय आहे, लाईफगार्ड राहतात, म्हणून बायका-पोरांसोबत जायला हा सगळ्यात सोपा शांत बीच आहे, फक्त वेळ पाळा. सनसेटला जायचंच असेल तर मुख्य एंट्रीपासून वाळूवरून दूर चालत जा, बहुतेक लोक गेटच्या समोरच थांबतात. आणि अंधार पडायच्या आत शिट्टी वाजवून सगळ्यांना बाहेर काढतात, तेव्हा वाद घालत बसू नका, त्याचं कारण पुढे आहे.

स्टेप ४: भरती-ओहोटी बघा

समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं, दोन्हींमध्ये साधारण सव्वासहा तासांचं अंतर, आणि रोज ही वेळ जवळपास ५० मिनिटं पुढे सरकते. आज सकाळी ८ ला भरती असेल तर उद्या पावणेनऊच्या पुढे. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतंही, अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा फरक कमी. घरच्या कॅलेंडरवर तिथी बघून एवढा अंदाज नागपुरात बसूनच येतो, नेमकी वेळ मात्र त्या बेटाचीच बघा, मोबाईलवर टाईड टेबल मिळतं, मुंबईची वेळ तिथे चालत नाही.

आता याचा उपयोग काय? हॅवलॉकचा विजयनगर बीच घ्या, ५ नंबरचा. पूर्वेला आहे, उथळ आहे, ओहोटीला पाणी इतकं लांब जातं की नुसते खडक, चिखल आणि मेलेलं कोरल (प्रवाळ) दिसतं, फोटो बघून आलेला माणूस निराश होऊन परत जातो, म्हणून पॅकेजवाले त्याला यादीत घेत नाहीत. पण भरतीच्या आधीचा एक तास आणि नंतरचा एक तास तिथे बसून बघा, झाडं पाण्यावर झुकलेली, पाणी हिरवं-निळं आणि आजूबाजूला फक्त त्या बाजूच्या हॉटेलातले दोन-चार लोक. बीच तोच, फक्त पाणी जागेवर असताना जायचं. नीलचं उलटं आहे, लक्ष्मणपूर २ नंबरला नॅचरल ब्रिज बघायला ओहोटीच लागते, खडकांवरून चालत जावं लागतं, आणि सगळे ग्रुप ओहोटीलाच तिथे गोळा होतात. मी म्हणेन पाणी उतरायला लागल्याबरोबर सगळ्यात आधी पोचा, खडकांमधल्या छोट्या तळ्यांमध्ये अडकलेले मासे, समुद्री काकड्या (मऊ, लांबट समुद्री जीव), छोटे खेकडे बघा आणि गर्दी आली की निघा. चप्पल नको, मागे पट्टा असलेली घट्ट सँडल घाला, खडक फार टोचतात आणि शेवाळाने घसरतं.

परत येतानाचं पण गणित करून ठेवा. ओहोटीला खडकांना वळसा घालून पलीकडच्या छोट्या बीचवर गेलात, तिथे कोणी नाही, भारी वाटतं, पण दोन तासांनी परतीची वाटच पाण्याखाली. म्हणून पाणी उतरत असताना जा आणि चढायला लागायच्या आत मुख्य बीचवर या.

नीलला सीतापूर सूर्योदयाचा आहे, पहाटे तिथे खरोखर शांतता राहते, पण हिवाळ्याच्या वाऱ्यात लाटा असतात म्हणून पोहायला नाही. रामनगर बीचवर ग्रुप फारसे येत नाहीत, पुस्तक घेऊन पडून राहायला तो मला सगळ्यात आवडतो. हॅवलॉकला काळापत्थरचा रस्ता समुद्राला लागूनच जातो, दुकानांपाशी गर्दी असेल तर तिथे थांबू नका, थोडं पुढे दक्षिणेकडे जा.

स्टेप ५: रिकामा का आहे ते विचारा

अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. घाबरवायला सांगत नाही, पण हे माहीत असल्याशिवाय कोणी निर्जन बीचवर उतरू नये. त्या खारफुटीच्या खाड्यांमध्ये राहतात आणि समुद्रातूनही एका जागेहून दुसऱ्या जागी जातात. २०१० मध्ये हॅवलॉकला स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका परदेशी पर्यटक बाईचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. म्हणून काही बीचवर पाण्यात जाळी लावून पोहायची जागा आखलेली असते आणि बोर्ड राहतात. तर नियम साधा ठेवा: जिथे नाला किंवा खाडी समुद्राला मिळते, जिथे खारफुटीची झाडं जवळ आहेत, पाणी गढूळ आहे, तिथे पाण्यात पायसुद्धा टाकायचा नाही. सूर्य उगवायच्या आधी आणि मावळल्यावर पाण्यात उतरायचं नाही. संध्याकाळची ती शिट्टी यासाठीही असते.

दुसरी गोष्ट ओढ. किनाऱ्यावर सगळीकडे लाटा फुटत आहेत आणि मध्येच एक पट्टा सपाट, गडद दिसतो, नवख्या माणसाला वाटतं इथेच पाणी शांत आहे, इथे उतरू. तिथेच पाणी आत खेचत असतं. चुकून सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने जोर लावून दमू नका, किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर निघा आणि मग वळा. स्विमिंग टँकमध्ये शिकलेल्या पोहण्याच्या भरवशावर निर्जन बीचवर एकट्याने खोल जाऊच नका, कमरेएवढं पाणी पुष्कळ झालं.

तिसरी, कायद्याची. जारवा, ओंगी, सेंटिनेली या आदिवासींच्या राखीव भागात जायला सक्त मनाई आहे, नॉर्थ सेंटिनेल बेटाच्या जवळपाससुद्धा नाही. दिगलीपूरला रस्त्याने जाताना गाड्या ताफ्याने जारवा राखीव क्षेत्रातून जातात, तिथे उतरणं, फोटो काढणं, खायला देणं सगळं गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी करायचं नाही, ती माणसं आहेत आणि त्यांना आपल्यापासून लांब राहायचं आहे. निकोबारची बहुतेक बेटं पर्यटकांसाठी खुली नाहीत. कोणी बोटवाला "साहेब, एक सिक्रेट बीच दाखवतो" म्हणाला तर आधी त्या जागेचं नाव विचारा आणि हॉटेलवाल्याकडून खात्री करून घ्या.

आणि कासवं. रंगतजवळ कथबर्ट बे आणि दिगलीपूरजवळ कालीपूर इथे हिवाळ्यात कासवं रात्री अंडी घालायला येतात. हे बीच शांत आहेत आणि शांतच राहायला पाहिजेत, रात्री तिथे जायचं तर वनखात्याच्या माणसासोबतच, टॉर्च मारायचा नाही, फ्लॅश नाही, आवाज नाही.

स्टेप ६: तिथल्या माणसाला नीट विचारा

"इथे शांत बीच कोणता" असं विचारलं तर तो तुम्हाला आवडेल असं काहीतरी नाव सांगतो. त्यापेक्षा असं विचारा: दादा, आज पाणी किती वाजता चढणार, सध्या कोणत्या बाजूला लाटा कमी आहेत, तुमची पोरं कुठे आंघोळीला जातात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात खरं राहतं. हिंदी सगळीकडे चालते, भाजीवाले, चहावाले, मासेमार बहुतेक बंगाली किंवा तमिळ-तेलुगू घरांतले, बोलायला मोकळे. आणि मासेमाराने "आज मत जाओ" म्हटलं की विषय संपला.

स्टेप ७: बॅगेत काय

शांत बीच म्हणजे तिथे दुकान नाही. पाणी सोबत, आपल्या स्टीलच्या बाटलीतून, डब्यात काहीतरी खायला, आपला चिवडा आणि संत्रा बर्फी प्रवासात टिकतात, पण रॅपर-पिशवी सगळं परत आणायचं. टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, टॉवेल. सँडफ्लाय नावाचे बारीक किडे ओल्या वाळूत राहतात, चावले की आठवडाभर खाज जात नाही, म्हणून वाळूवर सरळ लोळू नका, जाड चादर टाका. मोबाईलची रेंज आता पूर्वीपेक्षा बरी आहे कारण २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आली, तरी लांबच्या बीचवर भरवसा नाही, मॅप ऑफलाईन डाऊनलोड करा आणि कुठे जाताय ते हॉटेलवर सांगून निघा. रोख पैसे ठेवा, बेटांवर एटीएम कमी आहेत.

शंख-शिंपले, कोरलचे तुकडे काही उचलायचं नाही, पोरांनाही आधीच समजावून सांगा, विमानतळावर बॅगेत सापडलं तर अडचण होते, आणि तो शंख उद्या एखाद्या खेकड्याचं घर होणार असतो. स्नॉर्केलिंग करताना कोरलवर उभं राहू नका, ते जिवंत आहे आणि फार हळू वाढतं.

स्टेप ८: फेरी आणि परतीचं गणित

बेटाबेटांमध्ये सरकारी फेरी आणि खाजगी फेरी दोन्ही चालतात, सरकारी स्वस्त पण तिकिटं लवकर संपतात, खाजगी जलद, पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला साधारण दीड-दोन तास. ज्यांना गाडीतही मळमळतं त्यांनी गोळी आधीच घ्या. शांततेसाठी दुपारची फेरी घेऊन पोचा, कारण सकाळच्या फेरीने आलेला लोंढा एकत्रच सगळीकडे फिरतो.

विमानाच्या आदली रात्र मात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा. हवामान बिघडलं तर फेरी रद्द होते आणि नागपूरचं कनेक्टिंग विमान तुमच्यासाठी थांबत नाही. त्या रिकाम्या दुपारी सेल्युलर जेल बघा आणि ऊन उतरायच्या आत चिडिया टापूला निघा, शहरापासून २५ किलोमीटरच्या आसपास आहे, तिथल्या मुंडा पहाड बीचवर पक्ष्यांचा आवाज खूप असतो. ड्रायव्हरला साडेतीनलाच निघायचं सांगा, ४ म्हणाल तर सूर्य रस्त्यातच जाईल.